पोटमाळ्याखालचा खांब

घाटकोपर (पूर्व)
रविवार, दुपार

प्रिय शीतल,

आधी ओळख करून देते, कारण विसरायची तुझी तयारी चांगली चाललेली दिसते. मी शांताबाई कुंडलिक खरात. तुझ्या बापाची आई. घाटकोपरच्या खोलीत राहते, त्याच, जिच्या पोटमाळ्यावर बसून तू इंजिनियर झालीस. उंची साडेचार फूट, डावा गुडघा कामातून गेलेला, दात एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एवढ्यावरून आठवलं तर पुढे वाच. नाहीच आठवलं तर पाकिटाच्या मागे पत्ता आहे, पोस्टमनला परत देऊन टाक. तू म्हणशील, आजी, ओडिशाहून मी दर रविवारी फोन करते की. करतेस ना. मागच्या रविवारी तू एका मिनिटात तीनदा विचारलंस, जेवलीस का. मी तिन्ही वेळा वेगळं सांगितलं. एकदा म्हटलं जेवले, एकदा म्हटलं नाही, तिसऱ्यांदा म्हटलं हत्ती खाल्ला. तू तिन्ही वेळा "बरं बरं" म्हणालीस. तुझ्या मागे कसलं तरी मशीन घरघरत होतं. म्हणून आज पत्र. पत्राच्या मागे मशीन नसतं, आणि पत्र मधेच "आजी, सर बोलावतायत" म्हणून ठेवून देता येत नाही. देता येतं म्हणा, पण ते मला इथून दिसत नाही.

लिहिणारा हात आपल्या शरच्चंद्रभाऊंचा आहे, समोरच्या खोलीतले, मालवणकडचे. तुला माहीतच आहे, तीस वर्षं कोर्टाच्या बाहेर टेबल टाकून त्यांनी लोकांचे अर्ज लिहिले. पहिल्या कागदावर त्यांनी मला न विचारता वर लिहिलं, "विषय : नातीस पत्र पाठविणेबाबत", आणि खाली, "उपरोक्त विषयास अनुसरून". वाचून दाखवलं तेव्हा मी म्हटलं, भाऊ, मी पोरीला पत्र लिहिते आहे, तिच्यावर दावा लावत नाही. तो कागद फाडला. आता मी बोलते तसं लिहितात, पण माझं बोलणं मधे मधे धुऊन वाळत घालतात, ते मला वाचून दाखवताना कळतं. तर जिथे फार शुद्ध वाटेल ते त्यांचं, आणि जिथे खरं वाटेल ते माझं. मी चार अक्षरं शिकायला विहारातल्या प्रौढ वर्गाला गेले होते, ते तू मला किती चिडवायचीस. चार दिवस गेले, "ग"पर्यंत पोचले, आणि मास्तरीणबाई बाळंतपणाला गेल्या. त्यांचं बाळ आता कॉलेजात असेल. मी "ग"वरच आहे.

इथली बातमी म्हणजे आपल्या गल्लीत आता बातमीच उरली नाही. बिल्डरचं पत्र आल्यापासून एकेक खोली रिकामी होत गेली. आधी कोपऱ्यावरचे गेले, मग पिठाची गिरणी गेली, मग आपली मालन मुलुंडला मुलाकडे गेली. जाताना म्हणाली, येत जा शांता, वीस मिनिटांचं तर आहे. वीस मिनिटांचंच आहे, म्हणूनच कोणी कोणाकडे जात नाही. जाताना लोक दारं-खिडक्यासुद्धा काढून नेतात, लोखंडाच्या जाळ्या भंगारात देतात. दार नसलेल्या खोलीतून आवाज वेगळा येतो, बाई. मी मालनला सवयीने हाक मारते, तर हाक आत जाऊन फिरून माझ्याकडेच येते. आणि एक गंमत सांगते. तुला आठवतं ना, पाण्यासाठी आपण काय काय केलंय. पहाटेची रांग, हंडे, मालनशी माझी ती भांडणं, एकदा तर तिने माझ्या केसांना हात घातला होता. आता नळाला इतकं पाणी येतं की बघत राहावं. पूर्ण जोर, दोन तास. मी सगळी भांडी भरते, वाट्यासुद्धा भरून ठेवते, तरी पाणी येतच राहतं. मग मी तिथेच ओट्यावर बसते. एवढं पाणी आणि भांडायला कोणी नाही, हे काही बरोबर वाटत नाही मला.

तर अशा दिवसांत मागच्या महिन्यात दार वाजलं. बघते तर तुमच्या पवईच्या ऑफिसातला तो मिहिर. पार्ल्याचा पोरगा, बोलणं एकदम इस्त्री केलेलं. हातात तू दिलेला डबा. "आजी, शीतलने तुमच्यासाठी छेनापोड पाठवलंय" म्हणाला. मी म्हटलं, हे काय असतं. उघडलं तर वरून करपलेलं, आतून खरवसासारखं. मी म्हटलं, पोरीने खरवस जाळला आणि टाकून द्यायला जीव होईना म्हणून मला पाठवला. तो लाल झाला बिचारा, मला समजावून सांगायला लागला की ते असंच असतं, ओडिशात मुद्दाम जाळतात. मी मुद्दामच म्हटलं होतं. चार दिवस पुरवून खाल्लं मी, शरच्चंद्रभाऊंना एक फोड दिली ती मोठी होती असं ते म्हणतात, ती मोठी नव्हती.

मग मिहिर आत आला आणि सगळे करतात तेच त्याने केलं. खोलीच्या मधोमधच्या खांबाला खांदा ठोकून घेतला. पण बाकी लोक खांदा चोळतात आणि बसतात. हा उभाच राहिला. खांबाकडे बघितलं, वर पोटमाळ्याच्या स्लॅबकडे बघितलं, परत खांबाकडे. बोटाची पेरं वाजवून बघितली त्याच्यावर. मग म्हणाला, "आजी, हा खांब कोणी डिझाइन केला?" मी म्हटलं, मी. तो हसला. मी नाही हसले. मी त्याला चहा केला, बटर दिले, आणि म्हटलं, आता माझ्या नातीचं सांग. तिकडे ती करते काय नेमकं? कारण तू मला सांगतेस तेव्हा त्यात इंग्रजी इतकं असतं की मी फक्त मान हलवते, आणि मान हललेली फोनवर दिसत नाही.

त्याने मला सरळ सांगितलं. म्हणाला, नवं लोखंड करायचं म्हणजे भट्टी, कोळसा, धूर, सगळ्या जगाची हवा खराब. म्हणून तुमची कंपनी जुन्या कारखान्यांच्या शेडी पाडतात तिथे जाते, त्यांचे गर्डर न वितळवता तसेच काढते, तपासते, आणि चांगले निघतील ते नव्या इमारतीला लावते. मी म्हटलं, अरे, म्हणजे आम्ही करायचो तेच. तो म्हणाला, "हो आजी, पण आता त्याला डिग्री लागते." पोरगा दिसतो तेवढा इस्त्रीचा नाही.

मग म्हणाला, "शीतलने तिकडे सगळ्यांची वाट लावलीय." माझा चहाचा कप हातातच राहिला. तो सांगत गेला. तिकडच्या एका जुन्या शेडीचे गर्डर मुलींच्या वसतिगृहाला लावायचे होते. मशीनने तपासून झालं होतं, मशीन म्हणालं चांगलं. तिथला मुकादम, पन्नाशीतला माणूस, म्हणाला चला उचला. आणि तू हातात हातोडी घेऊन दिवसभर एकेका गर्डरवर वीत वीत अंतरावर ठोकत बसलीस. तो मुकादम बाकीच्यांना म्हणाला, मॅडम तबला शिकतायत. सगळे हसले. तू ठोकत राहिलीस. संध्याकाळी अकरा गर्डरांवर खडूने फुली मारलीस आणि म्हणालीस, यांचा रंग खरवडा. खरवडला तर खाली पुट्टी. चिरा गेलेल्या होत्या, त्यांत कोणीतरी कधीकाळी पुट्टी भरून वरून रंग मारलेला. मशीन जिथे लावलं होतं तिथे चिरा नव्हत्या. मिहिर म्हणाला, दिल्लीहून मोठे साहेब आले, त्यांनी विचारलं, हे ठोकून ओळखायचं कुठल्या कोर्सला शिकवलं? आणि तू म्हणालीस, घरी शिकले.

हे दोन शब्द मी त्याच्याकडून तीनदा म्हणवून घेतले. म्हटलं, बाळा, ऐकू कमी येतं. मला चांगलं ऐकू येतं. माझे कान गेले असते तर आपण खाल्लं काय असतं.

घरी नाही शिकलीस तू. वखारीत शिकलीस. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही जालन्याकडून आलो, आणि तुझा आजोबा पाडकामावर गॅस कटर झाला. पडलेल्या इमारतींतून निघालेल्या सळया वखारीत यायच्या, वाकड्यातिकड्या, काँक्रीट चिकटलेल्या. आम्ही सहा बाया रुळाच्या तुकड्यावर ठेवून त्या हातोड्याने सरळ करायचो. सरळ झाली की एक ठोका द्यायचा. चांगली असेल तर खणकन वाजते आणि आवाज टोकापर्यंत धावतो. आतून गेलेली असेल तर बद्द वाजते, आवाज जागच्या जागी बसतो. बाकीच्या बायांना ते येत नव्हतं, मला कसं आलं मला माहीत नाही. वाचता येत नाही त्याच्या बदल्यात कोणीतरी हे दिलं असेल. बद्द वाजलेली मी बाजूला टाकायची. शेठ ओरडायचा, मी म्हणायची, ती सरळ होत नाही शेठ, मोडते.

तू सहा-सात वर्षांची होतीस तेव्हा तुझी आई कामाला जायची, तर शाळा सुटली की मी तुला वखारीत बसवायची. तू उलट्या घमेल्यावर बसायचीस, माझ्याकडे पाठ करून, डोळे मिटून. मी ठोकायची, तू सांगायचीस, चांगली, चांगली, वाईट. बरोबर आलं तर बोराचं कूट. दहातली नऊ सांगायचीस. एकदा मी मुद्दाम खलबत्त्यावर ठोकलं तर तू डोळे न उघडता म्हणालीस, आजी, हे जेवणाचं आहे. तेव्हापासून मला माहीत होतं की हा कान तुझ्याकडे गेला. तुझ्या बापाकडे नाही गेला. तो बिचारा दाराची बेलसुद्धा ऐकत नाही.

आता मी जे सांगणार आहे ते सहा वर्षं सांगितलेलं नाही. शरच्चंद्रभाऊ, हे लिहा आणि विसरा.

तू इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. त्या दिवशी मेथीची भाजी होती. तू कॉलेजातून आलीस ती हातपाय न धुता ताटावर बसलीस आणि सांगायला लागलीस, आज लॅबमध्ये आम्ही एक सळई वाकवली, परत सरळ केली आणि मशीनमध्ये ओढली, तर ती लवकर तुटली. एकदा वाकलेलं लोखंड नुसतं सरळ करून भागत नाही. मी म्हटलं, ते मला विचारलं असतंस तर फी वाचली असती. तू हसली नाहीस. म्हणालीस, "आजी, तुम्ही बायांनी ज्या सळया सरळ करून विकल्या, त्या लोकांच्या स्लॅबमध्ये आहेत. लोक त्याच्याखाली झोपतायत. हा गुन्हा आहे." तुझा आवाज चढला होता. तुझी आई म्हणाली, शीतल, कोणाशी बोलतेस. मी ताट सरकवलं आणि उठले. नऊ दिवस मी तुझ्याशी बोलले नाही.

तुला वाटलं, मला लागलं. तू माझे पाय चेपायला लागलीस, माझे हंडे भरायला लागलीस, मालनशी माझ्या वतीने भांडायला लागलीस. पवईला नोकरी लागली, मैत्रिणींबरोबर खोली घेतलीस, तरी एकही रविवार चुकवला नाहीस. कधी सीताफळं, कधी गुडघ्याला लावायचं ते वासाचं तेल. तुझी ती माफी अजून चालू आहे, बाई. मी घेत राहिले. सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, कारण माफी मागायला का होईना, तू येत होतीस.

खरं ऐक. मला लागलं नव्हतं. मी घाबरले होते.

तुझ्या बापाचं, किरणचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि या खोलीत नव्या नवरा-नवरीला जागा नव्हती. पोटमाळा घालायचा होता. शेठ चांगल्या सळया द्यायला तयार नव्हता. मी बाजूला टाकलेल्या मात्र वखारीच्या भिंतीला गंजत पडल्या होत्या, त्यांना कोणी विचारत नव्हतं. तुझा आजोबा त्या उचलून घेऊन आला. मी म्हटलं, या नको, या मी ठोकल्यात. तो म्हणाला, "शांता, तू आवाज ऐकतेस, मी वजन बघतो. लोखंड ते लोखंड." मला भांडता आलं असतं. तुझ्या आजोबाशी मी आयुष्यात कमी भांडले नाही, मिठावरून भांडले, खिळ्यावरून भांडले. त्या दिवशी नाही भांडले, कारण मलाही माळा हवा होता. त्या स्लॅबची घमेली मी माझ्या हातांनी वर दिली. ज्या सळया मी जगाच्या घरात जाऊ दिल्या नाहीत, त्या माझ्या घरात गेल्या. दुसरीकडे कुठे गेल्या असत्या तर मला झोप लागली असती की नाही कोण जाणे. त्या माळ्यावर तुझे आईबाप राहिले, मग तू झालीस, मग ती जागा तुझ्या पुस्तकांची झाली. तुझा आजोबा तू दहावीत असताना गेला, त्यालाही मी परत कधी बोलून दाखवलं नाही. त्या दिवशी मेथीच्या भाजीवर तू माझ्या डोक्यावर लिहिलेलं मला वाचून दाखवलंस. मला वाचता येत नाही, पण ते मला पाठ होतं.

म्हणून मी नऊ दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी वखारीत गेले. माझ्या वेळचं कोणी नव्हतं तिथे, नव्या शेठला वाटलं भंगार विकायला म्हातारी आली. मी आख्खी वखार ठोकत फिरले. एक खांब सापडला, कुठल्या तरी जुन्या गोदामाचा, असा वाजला की माझ्या अंगावर काटा आला. तोच घेतला. वेल्डरकडून वर-खाली पत्रे लावून घेतले आणि माळ्याखाली बरोबर मधोमध ठोकून बसवला. तू कॉलेजातून आलीस, त्याला खांदा धडकला. विचारलंस, हे काय. मी म्हटलं, साडी वाळत घालायला. तू खांबाकडे बघितलंस, वर बघितलंस, आणि "बरं" म्हणालीस. त्याच्या आधी तू माळ्यावर धाडकन उडी मारून चढायचीस. त्या दिवसापासून हळू चढायला लागलीस. म्हणजे तुला कळलं होतं. तूही बोलली नाहीस. आजी गप्प, नात गप्प, आणि मधे लोखंडाचा खांब, त्यावर एक साडी कधी वाळली नाही. आणि मी माझं अंथरूण माळ्यावरच्या तुझ्या अंथरुणाच्या अगदी खाली ओढलं, का ते आता सांगते. माझा हिशोब असा होता की माळा आलाच खाली तर तू फरशीवर नको पडायला, माझ्यावर पडशील. इंजिनियरला हे पटणार नाही. मला पटलं होतं.

(शांताबाई इथे उठून नळाकडे गेल्या. नळ यायची वेळ नव्हती. दहा मिनिटांनी परत आल्या. हे मी त्यांना वाचून दाखवणार नाही. शरच्चंद्र)

तर आता कामाचं. मिहिर जाता जाता चप्पल घालताना बोलून गेला. त्याला वाटलं मला माहीत आहे. म्हणाला, तुमच्या कंपनीने तुला तिथलं यार्ड सांभाळायला सांगितलंय, दोन वर्षं. जुनं लोखंड घ्यायचं की टाकायचं ते तू ठरवायचं, तुझ्या सहीशिवाय एक गर्डर हलणार नाही. आणि तो मुकादम, तबलावाला, त्याने स्वतः साहेबांना सांगितलं म्हणे, मॅडमला इथेच ठेवा. या महिन्याच्या अखेरीस उत्तर द्यायचंय आणि तू देत नाहीस. तू म्हणालीस, घरी आजी एकटी आहे, मी पवईला परत येते. मी बदलापूरला किरणला फोन केला, तर त्यालाही तू तेच सांगितलेलं. म्हणजे सगळ्या ओडिशाला माहीत, पवईला माहीत, बदलापूरला माहीत, की शांताबाई एकटी आहे. फक्त शांताबाईला कोणी विचारलं नाही.

मीही काही कमी नाही. किरण दोन वर्षं मागे लागलाय, आई बदलापूरला चल, तिथे लिफ्ट आहे, गॅलरी आहे. मी त्याला म्हणते, मला इथलं पाणी मानवतं, इथले डॉक्टर मानवतात, विहार जवळ आहे. सगळं खोटं. मी इथे बसून राहिले कारण घाटकोपर पवईला जवळ आणि बदलापूर लांब. तू परत पवईला आलीस तर रविवारी येशील, म्हणून मी खोली सोडत नाही. आणि मी खोली सोडत नाही म्हणून तू तिकडची नोकरी सोडतेस. कोणी बाहेरून बघितलं तर म्हणेल, या दोघींना डोकं एकच दिलंय, आणि तेही आलटून पालटून वापरतात.

म्हणून हे पत्र, शीतल. गुरुवारी मी बिल्डरच्या कागदावर अंगठा दिला. शरच्चंद्रभाऊंनी आधी सगळा कागद मला दोनदा वाचून दाखवला, त्यांनीही त्याच दिवशी सही केली, ते चारकोपला मुलीकडे जातायत. एक तारखेला किरण टेम्पो घेऊन येतोय. तेव्हा घाटकोपरला एकटी राहणारी आजी आता नाही, तिच्या नावाने सुट्टी, बदली, काही मागू नकोस. बदलापूरला किरण सकाळी सातला जातो, तुझी आई आठला, म्हणजे दिवसभर मी आणि ती गॅलरी. एकटी मी तिथेही असेन, तुला फसवत नाही. पण माझ्या मागेपुढे होते ते सगळे निघून गेल्यावर मी उरलेय, उरलेल्या माणसाचं असं असतंच, त्याला तू औषध नाहीस. एका खोलीला एक खांब पुरतो, आणि तो माझा मी शोधला होता, पुढेही लागला तर ठोकून शोधीन. तू तिकडे हो म्हण. उद्याच म्हण, महिनाअखेरीची वाट बघू नकोस. जे बद्द वाजेल ते टाकून दे, कोणाचं लग्न आठ दिवसांवर असलं तरी. कोणी हसलं तर हसू दे, आणि परत कोणी विचारलं कुठे शिकलीस, तर घरी म्हणू नकोस, नीट सांग, वखारीत शिकले, शांताबाईकडे. माळा पाडायच्या आधी खांब काढून घ्यायला मी किरणला बजावलंय. तो म्हणाला, आई, बदलापूरचा स्लॅब चांगला आहे. मी म्हटलं, हे तू सांगतोस का बिल्डर सांगतो. मिहिरला विचारलं होतं, तुझ्या यार्डाला पाठवू का, तर म्हणाला, आजी, एवढ्या लांब न्यायला जितकं डिझेल जळेल तितक्यात भट्टी बरी. म्हणून तो गॅलरीत उभा करणार आहे, आणि त्याच्यावर साडी वाळत घालणार आहे. इतकी वर्षं खोटं बोलले, आता ते खरं करून टाकते. मिहिर पुढच्या महिन्यात परत तिकडे येतोय म्हणे. त्याच्या हाती तो जळका खरवस दे, एक नाही, दोन डबे, एक बदलापूरला आणि एक चारकोपला शरच्चंद्रभाऊंना, म्हणजे फोडीवरून माझ्याशी भांडायला ते फोन तरी करतील. साखर कमी, वरचा करपलेला भाग जास्त. आणि तो डबा घेऊन तू स्वतः येऊ नकोस.

तुझीच, अजून "ग"वरच अडलेली,
शांता आजी

(शाई शरच्चंद्रभाऊंची, अंगठा माझा.)